मोजणी चुकलेली डिस्क

केदारी आप्पा सकाळपासून एका जागी टेकले नव्हते. माग बंद, हात रिकामे. ते दारापर्यंत जात, परत येत, लेकीच्या खांद्यावरून वाकून बघत.

"झालं काय गं, स्वरू?"

"न्हाय अजून. जरा बसा की आप्पा."

ते बसत, आणि लगेच उठत.

वडगावातल्या त्या घरात साड्यांच्या काठांची सगळी नक्षी एका जुनाट कॉम्प्युटरमध्ये होती. आप्पा पडद्यावर बारीक चौकोन भरून नक्षी काढत, तिच्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडली जात आणि ते पुठ्ठे मागावर चढत. गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरचा बोर्ड जळाला. नेमकं त्याच वेळी निपाणीच्या जुन्या गिऱ्हाईक आक्काताईंनी आपल्या आईच्या साडीवरचा वेलीचा काठ नातीच्या लग्नासाठी मागितला होता. त्या काठाचे पुठ्ठे वाळवीनं कधीच खाल्ले होते. नक्षी उरली होती ती फक्त कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये.

स्वरूपा मच्छे गावातल्या एका कारखान्यात मशिनी दुरुस्त करायची. तिनं भंगारवाल्याकडून त्याच काळातला दुसरा बोर्ड शोधून आणला होता आणि रविवारी तो बसवायला घेतला होता. आधी डिस्कची एक नक्कल करून ठेवावी, असं तिच्या मनात आलं होतं. पण त्यासाठी दुसरी जुनी डिस्क शोधावी लागली असती, आणि आप्पांच्या येरझाऱ्यांनी तिलाही घाई सुटली होती.

पडदा उजळला. फायलींची नावं दिसली. आप्पांनी टाळीच वाजवली.

"वेल उघड, वेल!"

फाईल उघडली आणि पडद्यावर रंगीत कचरा सांडला. वेलीचं एकही पान धड नव्हतं.

"गेली डिस्क," आप्पा खाली बसले.

"गेली न्हाय. डिस्क वाचायचं काम बोर्डावरचा कंट्रोलर करतोय. जुना एका पद्धतीनं मोजत होता, ह्यो दुसऱ्या पद्धतीनं मोजतोय. तुमच्या चौकोनांचा कागद घ्या. एका ओळीत किती चौकोन, हेच चुकलं तर काय हुईल?"

"नक्षी इस्कटंल."

"तसंच झालंय. कागद चांगलाच हाय. मोजणी चुकलीया."

तिनं बंद करायला बघितलं, तर कॉम्प्युटर अडकून बसला. नाइलाजानं बटण दाबून तिनं तो बंद केला, पुन्हा चालू केला, आणि तेवढ्यात कारखान्यातून फोन आला. शेजारच्या मागांच्या खडखडाटात काही ऐकू येईना, म्हणून ती गल्लीत गेली.

इकडे पडद्यावर प्रश्न आला: डिस्कमध्ये चुका आहेत, दुरुस्त करू का? आप्पांना तो ओळखीचा होता. वीज गेली की दरवेळी यायचा, आणि दरवेळी ते 'हो' म्हणायचे. आजही त्यांनी बोट टेकवलं.

स्वरूपा परत आली तेव्हा दुरुस्तीची पिवळी पट्टी निम्म्यावर सरकली होती. तिनं झडप घालून वायरच उपसली.

"काय केलंसा आप्पा! मोजणीच चुकल्याली, त्याला सगळंच चुकीचं दिसतंय. चांगलं हुतं तेच पुसत सुटलंय ते! तुमचं हात एक घडीभर गप ऱ्हात न्हाईत?"

आप्पा बाजूला सरले. चपला घालून बाहेर पडले. आतून आई, मंगल, पदराला हात पुसत आली. "मशीन चालू सोडून तू का गेलतीस गं?" एवढंच म्हणाली. स्वरूपानं वायर पुन्हा जोडली.

तिनं बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्क मोजायची पद्धत हातानं बदलली. या खेपेला नक्षीच्या फायली उघडू लागल्या: मोर, कमळ, रुद्राक्ष, पट्ट्याचा काठ. बऱ्याचशा वाचल्या होत्या. वेल मात्र उघडली नाही. तिनं तीनतीनदा बघितलं. मग आप्पांना शोधायला निघाली.

ते कोपऱ्यावरच्या देवळापाशी फेऱ्या मारत होते.

"बाकीच्या हायत. वेल गेली," ती म्हणाली. "चूक माझीबी हाय. मी आधी नक्कल करायला पायजे हुती."

आप्पांनी फेऱ्या थांबवल्या. मग तिचाच फोन घेऊन त्यांनी निपाणीला लावला.

"आक्काताई, खरं सांगतो, नक्षी माझ्या हातनं गेली... तुमची जुनी साडी हाय न्हवं अजून? बघायला येऊ?"

पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. आप्पा "व्हय, व्हय" करत राहिले.

"फाटल्यालीच हाय म्हणत्यात, पर काठ शाबूत हाय. आताच या म्हणाल्या."

दुपारी दोघं निपाणीत होती. आक्काताईंनी पलंगावर साडी पसरली. आप्पांनी काठावर भिंग धरलं, पण त्यांच्या नजरेत धागे एकमेकांत मिसळत होते. दोनदा मोजणी चुकली. तिसऱ्यांदा त्यांनी भिंग स्वरूपाच्या हातात दिलं आणि चौकोनांचा कागद मांडीवर ओढला.

"तू धागं मोज. मी चौकोन भरतो."

"वर पाच, मग दोन सोडून तीन," स्वरूपा म्हणाली.

आप्पांची पेन्सिल चालू लागली.