घरातली सुई

कोपराच्या लवणीत चिकटवलेला कापसाचा बोळा, त्यावर मसुराएवढा तांबडा ठिपका... भटारखान्यात बटाटे सोलता सोलता त्याची नजर पुन्हा पुन्हा तिथेच जात होती. आपलंच रक्त, आणि आपणच त्याच्याकडे परक्यासारखं बघतोय, याचं त्याला हसू आलं. यकृताची कावीळ, सी प्रकारची, असं तुरुंगाच्या डॉक्टरबाईंनी सकाळी सांगितलं होतं – डोळे पिवळे नाहीत, भूक नीट लागते, तरी आहे म्हणजे आहे. गोळ्यांनी बरी होते, जेवणातून पसरत नाही, पसरते ती रक्तातून. आणि मग, शिपाई दाराबाहेर गेल्यावर, हळूच विचारलं होतं की तुमची सुई आणखी कोण वापरतं. शिक्षेसाठी नाही, त्यालाही तपासू. कोणी नाही, असं तो बोलून गेला होता. अळीमिळी गुपचिळी.

समोर मेहुणा पातेल्यात पाणी ओतत होता. बायकोचा धाकटा भाऊ. एकाच खटल्यात दोघे आत आले तेव्हा भेटीच्या जाळीपलीकडून ती एवढंच म्हणाली होती, त्याला सांभाळा... आणि त्याने सांभाळलंच होतं की! बराकीतले सगळे नशेबाज एकाच सुईवर रांग लावायचे. यांनी आपली वेगळी ठेवली, दोघांची, घरातली. जगाच्या उष्ट्याला तोंड लावायचं नाही, हा नियम त्याचाच. चहाचा पेला कोणी परक्याने उचलला तर दोघे तो इथल्याच उकळत्या पाण्याने विसळून घ्यायचे – आणि सुई? सुई कधी धुतलीच नाही. आपल्याच माणसाची कसली किळस, हे वाक्यही त्याचंच. पोराचा हात थरथरायचा म्हणून त्याची शीर शोधून टोचायचाही तोच, अगदी मायेने.

पण मग हे दुखणं आलं कुठून? पोराने गुपचूप दुसऱ्या कोणाच्या सुईपुढे हात केला असेल तर? हा विचार आला आणि त्याला एकदम हलकं वाटलं. हो, त्याच्याकडूनच आलं असणार. तुरुंग काय कमी होता, त्यात तिच्या भावाची ही भेट – घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं... बटाटा हातात तसाच राहिला. म्हणजे पोर आजारी असावं, आपल्याही आधीपासून असावं, असं आपल्याला हवंय? लाज वाटली, इतकी की कान तापले.

"काय म्हणाल्या डॉक्टर?" मेहुण्याने हात पुसत विचारलं.

"अशक्तपणा आहे म्हणाल्या."

"मग आज आधी तुम्ही घ्या, भाऊजी. पाळी माझी आहे, पण मी मागून घेईन."

किती सहज म्हणाला, घासातला घास काढून द्यावा तसं. मी आधी, म्हणजे माझं रक्त त्याच्या अंगात... कैक वेळा गेलेलंच असेल, आणि कदाचित आजार अजून त्याच्यापर्यंत पोहोचलाही नसेल, कदाचित आजच पोहोचेल. सांगितलं तर हा विचारेल, टोचायला तुम्हीच होतात ना? आणि ती, जाळीपलीकडून, काहीच विचारणार नाही. पोरगा उत्तराची वाट पाहत उभा होता, तिच्यासारखीच एक भुवई उचलून.

"बस इथे."

"पाणी उकळलंय, भाऊजी."

"उकळू दे. आधी बस."

मेहुणा बसला. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नव्हतं. पण ते त्याच्याकडून आलेलं असावं ही मघाची इच्छा आता मनात शोधूनही सापडत नव्हती. उलट, माझ्याकडूनच असू दे, फक्त याच्यापर्यंत पोहोचलेलं नसू दे, असं तो आतल्या आत विनवत होता... कोणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.