नीट गळणारी बादली

कथलाचा डाग देऊन डागवाल्याने बुजवलेली बादली परत गळली, असं तीस वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं. त्यामुळे मागच्या गल्लीतले आजोबा हातातली बादली हलवत, तणतणत दुकानाची पायरी चढले, तेव्हा डागवाला हातातलं काम टाकून उठला.

"गळतेय?"

"तेच तर! एक थेंब गळत नाही!"

मग उलगडा झाला. आजोबा ही बादली काकडीच्या वेलाच्या मांडवाला टांगत. बुडाच्या भोकातून दिवसभर थेंब थेंब पाणी मुळाशी पडे. ते चार दिवस लेकीकडे काय गेले, सुनेने बादली डाग द्यायला आणून टाकली. डागवाल्यानेही मन लावून गंज खरवडला, ॲसिडने पत्रा साफ केला आणि कथील असं बसवलं, की बोट फिरवलं तरी जोड जाणवू नये.

"भोक पाडा," आजोबा म्हणाले.

"मी बुजवतो, आजोबा. पाडत नाही."

"सुनेने एवढ्या मायेने करून घेतलंय, तिला कसं दुखवू? बादली आपोआप फुटली म्हणून सांगेन."

"म्हणजे माझ्या नावाची माती!"

"पत्राच कुजका होता म्हणू."

डागवाल्याने डोळे मिटून खिळा ठोकला. पाण्याची धार लागली.

"धार नको हो, थेंब!"

पुन्हा कथलाची कांडी तापवली, भोक बारीक केलं. ते पार बुजलंच. मग सुई घेतली. आता थेंब पडे, पण रुसल्यासारखा. "तहानेने मरेल वेल," आजोबा म्हणाले. चौथ्या खेपेला जमलं. दोघं उकिडवे बसून टपटप ऐकत असतानाच सून दारात उभी.

"अजून गळतेच?"

आजोबा छताकडे बघू लागले. डागवाल्याला मात्र राहवेना. "गळत नाही, वहिनी. गळवलीय!" आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

"माया कसली!" सून म्हणाली. "बादलीखालच्या चिखलात मी दोनदा आपटले, म्हणून बुजवून घेतली."

"मग जादा पाणी भिंतीकडे वळवतो," आजोबा पुटपुटले.

"आणि चिखल?"

"मीच काढीन."

"बघा हं, यांच्यासमोर बोललात."

सासरा-सून बादली घेऊन निघाले. पायरीवर थेंबांची रांग उमटत गेली. समोरचा शिंपी मान लांब करून ती बघतोय हे लक्षात येताच डागवाला फडकं घेऊन धावला.