सोसायटीतला स्विच

"भरती लागतली आता," काका म्हणाले. "मगे मसणाची वाट बुडता. किती थांबूचा?"

"वायच थांबा, काका. कौस्तुभाक बाबा दिसाक व्हयेत," संचिता म्हणाली.

तिरडी बांधून झाली होती. संचिताने आपला मोबाईल चुलतभाऊ विश्वेशच्या हातात दिला. लाईन आली की त्याच्यावरूनच भावाला, कौस्तुभला, बाबा दाखवायचे होते.

मस्कतला त्याला रजा मिळाली, पण तिकीट परवाचं होतं. गावात फोनवर बोलणं कसंबसं होतं. चित्र दिसायला घरची इंटरनेटची लाईनच लागते, आणि ती काल वीज पडल्यापासून बंद होती. ती दुरुस्त करणारं गावात एकच माणूस, खुद्द संचिता.

सकाळपासून तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. शेजारणींची आपसात कुजबुज झालीच. तिला खरंच काही वाटत नव्हतं. उलट काम निघालं तेव्हा बरं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

गावच्या सोसायटीच्या माडीवरची इंटरनेटची पेटी धोंडू शिपायाने उघडून दिली. तांब्याच्या वायरीतून वीज आत शिरून गावभर इंटरनेट वाटणारा स्विच जळला होता. संचिताने नवा बसवला. वाडीवाडीच्या वायरी एकेक करून लावल्या. दिवे लागले. शेवटी फायबर, कुडाळहून येणारी मुख्य लाईन. पिवळ्या दोन बारीक दोऱ्या. एकीतून उजेड जातो, दुसरीतून येतो. त्यांची अदलाबदल झाली की लाईन मुकी. नव्या पोरांना हे सांगून सांगून तिचं तोंड दुखायचं.

दिवा लागला नाही.

तिने दोऱ्यांची टोकं पुसली. दोऱ्या ज्यात बसतात ते मॉड्यूल बदललं. स्विच बंद करून पुन्हा चालू केला.

"बाय, ऱ्हवांदे ता," धोंडू म्हणाला. "घराक जा. बापाशीचा तोंड बघून घे."

"लागतला, दादा. मी बघतंय."

मग तिला दिसलं. दोऱ्या उलट्या लागल्या होत्या. तिच्याच हातून. इतका वेळ ती त्यांच्याकडे बघत होती आणि डोळ्यांना ते कळलंच नव्हतं. पहिल्याच वेळी नीट लावल्या असत्या तर एव्हाना ती अंगणात असती. तिने दोऱ्या बदलल्या. हिरवा दिवा लागला.

थोड्या वेळाने धोंडूचा फोन वाजला. त्याने तो तिच्याकडे दिला. विश्वेश होता.

"लागला गो! कौस्तुभाक बाबा दिसले. पण पाणी वाटेर इला. काका थांबणत नाय."

थांबा, असं तिला म्हणायचं होतं. बायका स्मशानात जात नाहीत. तिचे बाबा तिला अंगणापुरतेच होते. पण पाणी तिच्यासाठी थोडंच थांबणार होतं?

"उचला," ती म्हणाली.

विश्वेश आपला फोन बंद करायला विसरला. पलीकडे गलका झाला, आणि त्यात कौस्तुभचा आवाज आला, विश्वेशच्या दुसऱ्या हातातल्या तिच्याच मोबाईलमधून.

"संचिता खंय आसा रे? तिका फुडे घे. माका दिसणा नाय ती."

"आसा रे," विश्वेश म्हणाला. "मागे बायकांत आसा."

कौस्तुभ रडायला लागला. धोंडूने फोन परत घ्यायला हात पुढे केला, पण संचिताने फोन कानाशी तसाच धरून ठेवला आणि भावाचं रडणं ऐकत राहिली.