व्हर्नाआजींचा मास्क आणि नकाशावरचा ठिपका

मी एक जुना मास्क आहे. दवाखान्यातला नव्हे हं, मित्रांनो! पाण्यात तोंड घालून खालचं जग बघायचा, काचेचा आणि रबराचा. फ्लोरिडाच्या टोकाच्या बेटांवर व्हर्नाआजींनी मला विकत घेतलं, तेव्हा त्या आजी झालेल्या नव्हत्या. दर उन्हाळ्यात त्या तिथे येत. पाण्यात उतरण्याआधी माझ्या काचेवर थुंकत, बोटाने चोळत आणि मला धुऊन घेत, म्हणजे काचेवर वाफ धरत नाही. माझी आंघोळच ती! मग मी त्यांना जांभळी पोवळी आणि निळे पोपटमासे दाखवी.

पुढे आजींची नजर विझू लागली. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांनी दिसणारा हा उन्हाळा शेवटचा. नातीला, नऊ वर्षांच्या हॅटीला, ती पोवळ्यांची बाग आपल्या डोळ्यांदेखत दाखवायची, एवढीच त्यांची इच्छा उरली.

"शी! आजी, थुंकलीस यात?" हॅटी म्हणाली. "आणि शार्क आला तर?"

"मला म्हातारीला आधी खाईल, तू पळ काढ," आजी हसल्या.

तेवढ्यात हॅटीचे बाबा, डग, शहाणपणा करायला गेले. अंगावर यंत्र बसवलेले शार्क कुठे फिरतात, ते दाखवणारा नकाशा त्यांनी फोनवर उघडला. "बघ, इथे एकही ना..." आणि त्यांनी नकाशा मोठा करून पाहिला. किनाऱ्यासमोरच एक ठिपका होता.

"अगं, हा चाळीस मैल लांब आहे!" डग म्हणाले.

"तो येतोय की जातोय?" हॅटीने विचारलं.

ते काही नकाशावर कळत नव्हतं. झालं! हॅटी रोज सकाळी आधी तो ठिपका बघायची आणि म्हणायची, "उद्या, आजी." आजी रोज मला तयार ठेवत, मी रोज उन्हात वाळत असे. सुट्टी संपली, पण तो उद्या काही आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात हॅटी स्वतःहून आली. स्वतः माझ्यावर थुंकली. माझा ऊर भरून आला! आजी डगचा हात धरून काठावर बसल्या होत्या, त्यांना आता फक्त उजेड कळत होता.

आम्ही खाली पाहिलं. त्या वर्षी समुद्र फार तापला होता. सगळी पोवळी हाडांसारखी पांढरी पडली होती. मासा एकही नव्हता. शार्कसुद्धा नव्हता.

"दिसले का गं पोपटमासे?" काठावरून आजींनी विचारलं.

"दिसले, आजी! खूप आहेत. निळे निळे!"

माझ्या आत पाणी साचलं होतं. माझी कड तर कुठेच गळत नव्हती.

मित्रांनो, आता मी कपाटात असतो. मला जपा, असं काही मी म्हणणार नाही. मी रबराचा आहे, अजून वीस वर्षं सहज टिकेन. ज्याच्यासाठी मला घडवलं, ते खालचं जग मात्र एका उद्यापुरतंही टिकलं नाही.