पाचव्या मैलावर हरवलेला आवाज

मी वेन्डेलच्या ट्रकमधला रेडिओ बोलतोय. बोलतोय खरा, पण समोर ऐकू जातंय का, ही धास्ती माझ्या जिवाला कायमची लागली आहे.

आम्ही ऑरेगनच्या डोंगरातले. लाकडाचे ओंडके खाली नेणारे ट्रक आणि रस्ता एकाच गाडीपुरता. झाडांवर मैलांच्या पाट्या. पाटी आली की ड्रायव्हरने माझं बटण दाबून सांगायचं, "सात मैल, भरलेला, उतरतोय." ते ऐकून वर येणारा रिकामा ट्रक कडेला थांबतो. भरलेला उतारावर थांबत नाही. त्याला थांबवतच नाही.

वेन्डेलने मला अंगणात उभ्या ट्रकमध्ये बसवलं. लाल तार सिगारेट पेटवायच्या खाचेच्या तारेला जोडली, काळी डॅशबोर्डखालच्या एका स्क्रूला. माझा दिवा लागला, लोकांचे आवाज यायला लागले. तो खूश.

पण बटण दाबलं की माझा दिवा मिणमिणायचा. ऐकायला मला घोटभर वीज पुरते, बोलायला मोठा घास लागतो. तो माझ्यापर्यंत येतच नव्हता.

स्वयंपाकघरात दुसरा रेडिओ होता. त्याची बायको नेडीन तान्ह्या टेसला कडेवर घेऊन बाहेर आली.

"अरे, नुसतं खट् वाजतं. तुझं बोलणं येत नाही."

"मला तुझं सगळं येतंय की. तुझाच डबा म्हातारा झालाय."

"मग त्या दुसऱ्या ट्रकवाल्या ऑर्व्हिलकाकांचं कसं येतं त्यावर?"

"तू ना, पोर शिंकलं तरी घाबरतेस."

दुसऱ्या दिवशी आम्ही भरून निघालो. सातव्या मैलाला तो बोलला. उत्तर आलं नाही. उत्तर नाही म्हणजे रस्ता मोकळा, असंच आमच्याकडे धरतात. तो शीळ घालत राहिला. मला ओरडून सांगायचं होतं, पण ओरडायचं तेही त्याच तारांतून.

मग ऑर्व्हिलकाकांचा आवाज आला. "चार मैल, रिकामा, चढतोय. वर कुणी आहे का?"

"मी आहे, काका. पाचावर, भरलेला. थांबा."

"कुणी नाही वाटतं. येतोय मी."

वेन्डेल बटण दाबत राहिला. माझा दिवा विझत राहिला. ब्रेकचा जळका वास सुटला. वळणावर त्याने भोंगा दाबला तो सोडलाच नाही. काकांनी ट्रक चरात घातला, आणि आमचे ओंडके त्यांचा आरसा घेऊन पुढे गेले.

खाली दोघे भेटले. "मेल्या, तोंड शिवलं होतं का तुझं?"

"ओरडून घसा बसला, काका."

घरी आल्यावर वेन्डेल बायकोला एवढंच म्हणाला, "बॅटरी धर." तिने डॅशबोर्डखाली उजेड पाडला, त्याने स्क्रू काढला. खाली जाड रंगाचा थर. काळी तार रंगावर टेकली होती, लोखंडाला जेमतेम लागत होती. त्याने दोन्ही तारा थेट ट्रकच्या बॅटरीपर्यंत नेल्या, लाल तारेला फ्यूज घातला. नेडीन आतल्या रेडिओपाशी पळाली, त्याने माझं बटण दाबलं.

"आता बोल."

"चुलीवर बटाटे करपतायत."

"करपू देत. अजून बोल."

त्याचं बोलणं तिच्यापर्यंत पोचत होतं. माझा दिवा हलला नाही.

आता मी जुना झालोय. माझं बटण अंगठ्याने गुळगुळीत झालंय. तरी तो दाबतो तेव्हा माझा दिवा मिणमिणतो का, ते मी आधी बघतो. तुम्हीही समोरची शांतता म्हणजे मोकळा रस्ता समजू नका. कुणाला तरी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत चाक हलवू नका. आमचा ट्रक रोज अंगणात तसाच उभा असतो, स्वयंपाकघरातून आवाज येईपर्यंत: "येतंय ऐकू. जा आता."