पान एकशे अठ्ठेचाळीस

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. वय फार नाही, आठच वर्षे. पण माझी शिवण सुटली आहे आणि कव्हरवर कुंकवाचा एक डाग आहे.

माझे लेखक मंत्री होते. त्यांनी आपली कारकीर्द बोलून सांगितली, त्यांच्या स्वीय सहायकाने ती लिहून काढली आणि पुण्यातल्या एका छापखान्यात माझ्या हजार प्रती निघाल्या. पाने तीनशे बारा. त्यांत बैठका आहेत, दौरे आहेत, कोणती फाईल कशी हलली ते आहे. पान एकशे अठ्ठेचाळीसवर शिरूर कासारकडच्या एका वस्तीचे नाव आहे. पुढे छापले आहे, ‘येथे मी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह सुरू केले. आज या वस्तीतले एकही मूल फडावर जात नाही.’

लेखक मुद्दाम खोटे बोलले नव्हते. त्यांनी फाईलवर सही केली होती. सही झाली म्हणजे काम झाले, असे त्यांना मनापासून वाटे. फाईल पुढे कुठे थांबली, हे त्यांना कुणी कळवले नाही आणि त्यांनीही विचारले नाही.

प्रकाशनाच्या दिवशी मी त्या वस्तीच्या सरपंचांना, मोहनरावांना मिळालो. त्यांनी वस्तीच्या नावाखाली लाल रेघ मारली, पुढचे वाक्य वाचले नाही आणि मला शाळेला भेट दिले. मग सहा वर्षे मी काचेच्या कपाटात होतो. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. उघडत कुणी नसे.

मला पहिल्यांदा वाचले सहावीतल्या मोहिनीने, उजव्या हाताचे बोट ओळीखाली फिरवत. तिने मला घरी नेले.

"आबा, आपल्या वस्तीत वसतिगृह हाय, आसं छापलंय ह्यात."

तिचा बाप सिदू हसला. "आसं? मग दाव की कुठं हाय. आजच तुजी पेटी नेऊन ठिवतो."

तो हसला खरा, पण मोहिनीला सांभाळणारी आजी वर्षापूर्वी वारली होती. वसतिगृह झाले नाही, तर दसऱ्यानंतर तिलाही आईबापांबरोबर फडावर जावे लागणार होते. तिच्या शिक्षिका सत्यशीलाबाईंनी बावीस मुलांची यादी जोडून अर्ज लिहिला. वजन पडावे म्हणून मोहनरावांनी मलाही सोबत घेतले.

"आमच्या वस्तीचं नाव छापलंय ह्यात, साहेब," तालुक्याच्या कार्यालयात मला उघडून ते म्हणाले.

अधिकाऱ्यांनी लाल रेघ पाहिली आणि पुढचे वाक्यही वाचले. "वसतिगृह चालू आहे म्हणतात की मंत्रीसाहेब. मग हा अर्ज कशाचा?"

"तिथं काहीच नाही, सर," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"सरपंच, तुम्ही सांगा. खोटं लिहिलंय का त्यांनी?"

मोहनराव माझ्याकडे पाहत म्हणाले, "आता छापलंय म्हणल्यावर..."

अर्ज परत आला. त्यावर शेरा होता, ‘सुविधा उपलब्ध’.

परतताना जीपमध्ये बाई म्हणाल्या, "मोहनराव, ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं."

"बाई, तुमी बदली होऊन जाल. मला हितंच ऱ्हायचंय."

खंडेनवमीला सिदूने पाटावर कोयते मांडले. मोहिनीने त्यांच्याशेजारी मला ठेवले. तिच्या आईने, कडूबाईने, कोयत्यांना कुंकू लावले, मलाही लावले. त्या वर्षी पाटावर तीन कोयते होते. तिसरा लहान होता.

गुढीपाडवा झाल्यावर मोहिनी परत आली. उजव्या हाताची दोन बोटे फडावरच गेली होती. ओळीखाली फिरायचे ते बोटही त्यांतच होते. ती पुन्हा सहावीत बसली. बाईंनी कपाट उघडून मला तिच्यापुढे ठेवले आणि पेन्सिल दिली.

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, असे मी म्हणणार नाही. कपाटात मी चांगला जपला गेलो होतो. मला कुंकूही नको. मला वाचा, आणि वाचलेले खरे आहे का, ते बाहेर जाऊन पाहून या. खरे नसेल तर माझ्या समासात लिहा. तो त्यासाठीच कोरा आहे.

आजवर तिथे एकानेच लिहिले आहे. पान एकशे अठ्ठेचाळीसवर, ‘एकही मूल फडावर जात नाही’ या वाक्याशेजारी, डाव्या हाताची वाकडी अक्षरे आहेत:

‘मी गेलते. मोहिनी.’