डावी बाजू

साहेबाने हात केला की घाबरायचं नाही, आधी हसायचं. हे त्याचं तंत्र होतं. बावीस वर्षं त्याने ट्रक चालवण्यात काढली, आणि नाक्यानाक्यांवरच्या अधिकाऱ्यांना जेवढं बोलण्यात गुंगवलं तेवढं घरी बायकोशीही तो कधी बोलला नसेल. लाइनीवरचे ड्रायव्हर त्याला गोडबोल्या म्हणत. त्यालाही ते नाव आवडायचं.

त्या दिवशी मात्र त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बायकोच्या गळ्याशी, कानाच्या जरा खाली, दोन महिन्यांपासून एक गाठ होती. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी सुई घालून नमुना तपासायला पाठवला होता, आणि रिपोर्ट आज मिळायचा होता. "मी येतो बरोबर," असं तो रात्री म्हणाला होता खरा. पण मालकाने फरश्यांचा माल आधीच भरून ठेवला होता आणि दुसरा ड्रायव्हर रजेवर होता.

"जा तुम्ही," सकाळी बायको म्हणाली. "ताई येणार आहे माझ्याबरोबर. रिपोर्ट हातात पडला की फोन करते." तिने डबा त्याच्या हातात दिला आणि त्याच्याकडे न बघताच दार लावून घेतलं.

तेव्हापासून त्याची नजर अर्धी रस्त्यावर आणि अर्धी डॅशबोर्डला चिकटवलेल्या फोनवर होती. फोन वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटायचा. त्यात गाडीही आज सरळ चालत नव्हती. साठच्या वर गेलं की मागून बारीक थरथर यायची, सीटमधून थेट कमरेत. त्याला वाटलं, टायरचं असणार. मागच्या डाव्या बाजूचं बाहेरचं टायर पार गुळगुळीत झालं होतं. मालकाला त्याने तीनदा सांगितलं होतं, आणि मालकाने तिन्ही वेळा "पुढच्या फेरीला बघू" म्हणून वाटेला लावलं होतं.

दहाच्या सुमाराला तपासणी नाका आला आणि त्याच्या गाडीला हात झाला.

नाक्यावर एक नवीन इन्स्पेक्टरबाई होत्या. वय तिशीच्या आतबाहेर, हातात पॅड, कपाळावर घाम. मागे ट्रकांची रांग लागलेली आणि प्रत्येक जण हॉर्नवर हात ठेवून बसलेला. गोडबोल्या टुणकन खाली उतरला, कागदांची पिशवी पुढे केली आणि बाईंच्या उजव्या हाताशी असा उभा राहिला की त्यांना वळायचं झालं तर गाडीच्या उजव्या अंगालाच वळावं लागेल.

"मॅडम, हे टायर बघा. नवेकोरे आहेत. हात लावून बघा तुम्ही."

बाईंनी वाकून बघितलं, पॅडवर खूण केली. "पलीकडची चाकं?"

"तीही बघा की. पण मॅडम, एक विचारू? माझं लायसन्स पुढच्या महिन्यात संपतंय. नूतनीकरणाला डोळ्यांचा दाखला आता कुठल्याही डॉक्टरचा चालतो, का ठरावीकच?"

बाई सांगायला लागल्या. सांगता सांगता त्याच्याबरोबर गाडीच्या तोंडाकडे चालायला लागल्या. तोवर मागचे हॉर्न इतके वाढले की त्यांनी त्रासून मागे बघितलं, पॅडवर भराभर खुणा केल्या आणि विचारलं, "फोन नंबर?"

त्याने सांगितला.

"जा."

तो केबिनमध्ये चढला. आरशात बघितलं, तर गाडी रस्त्यावर वळत असताना नाक्यावरचा शिपाई मागून फोटो काढत होता. नंबरपाटीचा काढत असेल. गोडबोल्याला आपल्याच जिभेचं कौतुक वाटलं. पण नाक्यापासून मैलभरही गेला नसेल, तोच नजर पुन्हा फोनकडे गेली. अकरा वाजत आले होते. फोन गप्प होता.

साडेअकराला तो वाजला.

त्याने इतक्या घाईने बोट मारलं की गाडी क्षणभर पट्टा ओलांडून गेली. "हं, बोल गं, काय म्हणाले?"

"परिवहन विभागातून बोलतेय," एक बाईचा आवाज आला. "तुमची गाडी ताबडतोब बाजूला घ्या आणि थांबवा."

त्याने फोन कापला.

हे नाटक त्याला ठाऊक होतं. गेल्या महिन्यात लंबूला, म्हणजे त्याच्याच मालकाकडच्या दुसऱ्या ड्रायव्हरला, असाच फोन आला होता. परिवहन विभागातून बोलतोय, गाडीची फेरतपासणी आहे, बाजूला घ्या. बिचारा थांबला. पाच मिनिटांत चौघे जण आले आणि दोन्ही बॅटऱ्या, ताडपत्री आणि लंबूच्या हातातलं घड्याळसुद्धा काढून घेऊन गेले. तेव्हापासून लाइनीवर सगळ्यांनी कानाला खडा लावला होता: फोनवर सांगितलं तर गाडी थांबवायची नाही, मग बोलणारा कोणी का असेना.

दोन मिनिटांनी पुन्हा तोच नंबर.

"हे बघा, फोन कापू नका. मी सकाळी नाक्यावर—"

"ए बाई, दुसरं गिऱ्हाईक शोध," तो ओरडला. "मी काय आज ड्रायव्हर झालोय?" आणि पुन्हा कापला.

फोन बंद करून टाकावा म्हटलं तर तेही करता येत नव्हतं. नेमकी तेवढ्यात बायको फोन करायची. समोर डोंगराची कड दिसायला लागली होती. तिथून पुढे सात मैलांचा उतार होता, वळणावर वळण, एका अंगाला दरी. मागची थरथर आता पन्नासलाही जाणवत होती. त्याने रेडिओ लावला, बंद केला. डब्याकडे बघितलं, भूक नव्हती.

तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा त्याने शिव्या तयारच ठेवल्या होत्या. पण या वेळी बाईंनी त्याला बोलायला जागाच दिली नाही.

"तुम्ही मला डाव्या बाजूला जाऊ दिलं नाहीत," त्या एका दमात म्हणाल्या. "लायसन्सचं विचारत विचारत उजवीकडूनच फिरवलंत. का फिरवलंत ते तुम्हाला माहीत आहे."

गोडबोल्याच्या जिभेवरची शिवी जागच्या जागी विरली. हे फक्त दोघांनाच माहीत होतं. दोघांना कसलं, एकट्या त्यालाच माहीत होतं असं तो आत्तापर्यंत समजत होता.

"ऐकताय ना? शिपायाने काढलेला फोटो मी आत्ता मोठा करून बघितला. मागच्या डाव्या चाकाच्या नटांपासून गंजाचे ओघळ आलेत, म्हणजे नट सैल आहेत. दोन ठिकाणी नटच दिसत नाहीयेत. तुमच्या मालकाला चार फोन केले, ते उचलत नाहीत. उताराला लागण्याआधी थांबा. कुठेही थांबा, तुम्हाला हवं तिथे. माणसं असतील तिथे थांबा. पण थांबा."

मनाची वाट न बघता त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप वर उचलला गेला. तरी डोकं चालूच होतं. नाक्यावर कोणी लपून बघत असेल तर? त्या टोळीतलंच कोणी? पण टोळीवाला 'माणसं असतील तिथे थांबा' असं कशाला म्हणेल? उताराच्या तोंडाशी एक पंक्चरचं दुकान आणि चहाची टपरी होती, चारपाच गाड्या कायम उभ्या असायच्या. त्याने गाडी चाळिशीवर आणली, मग तिशीवर, आणि अंड्यांची पाटी डोक्यावर असल्यासारखी जपून टपरीसमोर नेऊन उभी केली.

उतरला आणि डाव्या बाजूला गेला. आज सकाळपासून तो स्वतःही या बाजूला आला नव्हता.

दहापैकी चार नट नव्हते. उरलेल्यांतले दोन त्याच्या नुसत्या बोटांनी फिरले. तीन बोल्ट मुळाशी तुटले होते आणि तुटलेली तोंडं ताज्या धातूसारखी चकचकत होती. रिमची भोकं घासून घासून लांबट झाली होती. त्याने चाकाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

पंक्चरवाला हात पुसत आला, वाकला आणि शीळ घालून म्हणाला, "उतारात दुसरं वळणसुद्धा पाहिलं नसतंत तुम्ही."

गोडबोल्या तिथेच मैलाच्या दगडावर बसला. आठ दिवसांपूर्वी याच चाकाचं पंक्चर काढलं होतं. चाक परत बसवलं की शेपन्नास मैलांवर नट पुन्हा आवळायचे असतात, हे त्याने स्वतः किती नव्या पोरांना शिकवलं होतं. त्या दिवशी कंटाळा केला होता. आणि थरथर आली तेव्हा गुळगुळीत टायरवर खापर फोडून मोकळा झाला होता.

बऱ्याच वेळाने त्याने तो नंबर परत लावला.

"थांबलोय," तो म्हणाला. "उताराच्या वर. चार नट नाहीत." "मॅडम, मघाशी जरा तोंड सुटलं माझं."

पलीकडून लांब श्वास सोडल्याचा आवाज आला. "माझ्या पॅडवर 'सर्व चाके तपासली' अशी चौकट आहे. मी त्यात खूण केली होती. न बघता."

त्याला काय बोलावं ते चटकन सुचलं, सवयच होती. "मॅडम, ते सोडा. मी नवे बोल्ट बसवून घेतो आणि गाडी काढतो. तुमचंही झाकलेलं राहील, माझंही. कोणाला कळायचंय?"

"हे बघा, तुम्ही पुन्हा मला फिरवताय," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, फक्त थकवा होता. "मी तपासणी दुरुस्त करून लिहिणार आहे. गाडीला नोटीस लागेल. मलाही वरून विचारणा होईल. होऊ दे. जीपने येतेय मी, गाडी हलवू नका."

गोडबोल्याने पहिल्यांदाच नुसतं "हो" म्हटलं.

मग मालकाचा फोन आला, मालकाने आधी आरडाओरडा केला, मग गाडीचं नक्की काय झालं ते ऐकून घेतलं. "मी तीनदा सांगितलं होतं," गोडबोल्या म्हणाला. "अरे, ते टायरचं," मालक म्हणाला, "नटांचं कुठे सांगितलंस?" आणि मिस्त्री पाठवतो म्हणून फोन ठेवून दिला.

आणि मग, एक वाजायला आला तेव्हा, बायकोचा.

"अजून नाही मिळाला रिपोर्ट," ती म्हणाली. "पाच वाजता या म्हणाले, डॉक्टर स्वतः सांगतील म्हणे. ताईला मुलांसाठी परत जावं लागलं. मी बसलेय इथेच. घरी जाऊन तरी काय करू? तुम्ही पोहोचलात का?"

तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता, आणि तेच त्याला सोसेना.

इन्स्पेक्टरबाई दीडला आल्या. चाकाशी वाकून बराच वेळ बघत राहिल्या, फोटो काढले, नोटीस लिहिली. त्याने सही केली. मग त्याने त्यांना बायकोचं सांगितलं. यात गोडबोलेपण काही नव्हतं; दुसरं सांगायला कोणी नव्हतं म्हणून सांगितलं. बाईंनी घड्याळात बघितलं.

"मिस्त्री यायला चार वाजतील. तुम्ही इथे बसून काय करणार? दोनची बस आहे इथून."

"आणि गाडी?"

"नोटीस लागलेली गाडी कोण नेतंय?"

त्याने चावी पंक्चरवाल्याकडे ठेवली, मालकाला कळवलं, पुढचं ऐकून न घेता फोन ठेवला आणि बस पकडली. परतीच्या वाटेवर एक छोटा घाट होता; बस तो उतरायला लागली तसा त्याचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाबला गेला. प्रत्येक वळणाला तो ब्रेक मारत होता. शेजारचे म्हातारे गृहस्थ दोन वळणं बघत राहिले, मग म्हणाले, "अहो, त्याला चालवू द्या की." गोडबोल्या हसला, पाय मागे घेतला, आणि पुढच्याच वळणाला पुन्हा दाबला.

पाच वाजून दहा मिनिटांनी तो दवाखान्याच्या जिन्याने धापा टाकत वर आला. बायको बाकावर एकटीच बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. त्याला बघून ती उठूनच उभी राहिली.

"अहो! गाडी कुठे?"

"डोंगरावर. सांगतो. आत बोलावलं का?"

तेवढ्यात आतून हाक आली. डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून बघितला, चष्मा काढला आणि सांगितलं: गाठ साधी आहे, वाईट काही नाही, पण वाढतेय म्हणून काढून टाकलेली बरी. पुढच्या गुरुवारी. दोघांनी माना हलवल्या. बायकोने डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले, टाके किती दिवस आणि कामावर कधी जाता येईल, आणि शांतपणे बाहेर आली.

रस्त्यावर आल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं. डावी बाजू, लायसन्सचा प्रश्न, कापलेले फोन, लांबट झालेली भोकं. काही लपवायचं नाही असं त्याने बसमध्येच ठरवलं होतं. ती मध्येच थांबली. गाठीसाठी दोन महिन्यांत तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता फुटपाथवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, ती ढसाढसा रडायला लागली.

"मी इथे गाठीची काळजी करत बसले होते," ती म्हणाली, "आणि तुम्ही तिकडे फोन कापत होतात."

ती पदराने डोळे पुसत राहिली. मग हात पुढे केला.

"त्या बाईंचा नंबर द्या."

"कशाला?"

"द्या म्हणते ना."

त्याने नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. ती एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली आणि बोलायला लागली. रहदारीत त्याला काही ऐकू येत नव्हतं. एकदा ती हसल्यासारखी वाटली, एकदा तिने गळ्याला हात लावला, एकदा त्याच्याकडे बघून काहीतरी म्हणाली. तो नुसता समोर उभा राहिला, दोन्ही हात खिशात घालून. बायकोचं बोलणं लवकर संपेल असं दिसत नव्हतं.